घराण्याचा शोध: आधी गाव, मग दप्तर, शेवटी डीएनए

बरेच मुंबईकर हा शोध उलट्या टोकाने सुरू करतात. आधी डीएनएचं किट मागवलं जातं. निकालात अनोळखी नावांची यादी आणि रंगीत नकाशा येतो आणि त्यातून काहीच उमगत नाही. मग कुणीतरी सांगतं म्हणून फोर्टात पुराभिलेखागार गाठायचं, ‘आमच्या आडनावाचं काही आहे का?’ असं विचारायचं आणि हात हलवत परत यायचं. दोन्हीकडे चूक एकच. गाव, वाडी आणि निदान तीन पिढ्यांची नावं पक्की नसतील तर कुठलंही दप्तर आणि कुठलीही प्रयोगशाळा तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही.

खालचा क्रम मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून गिरण्या, गोदी, रेल्वे यांच्यासाठी मुंबईत आलेल्या घरांसाठी आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नका. पहिल्या तीन टप्प्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण सगळ्यात जास्त घाई तिथेच होते.

टप्पा १: घरातली ट्रंक आणि एक वही

सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. ‘मूळ पुरुष’ शोधून तिथून खाली उतरायला गेलात तर कुणाच्याही वंशात जाऊन पडाल.

घरात हे शोधा: शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डं, भाडेपावत्या, विम्याची पॉलिसी, लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं. घरात कुणी जात पडताळणी केली असेल तर ती फाइल सगळ्यात आधी मागा. तिच्यात बहुधा आजोबा-पणजोबांचे दाखले, गावचे उतारे आणि वंशावळ एकत्र बांधलेली असते. गिरणी कामगारांच्या घरात म्हाडाच्या घरासाठी जमवलेले कागद असतात: लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, ईएसआयचं कार्ड, पगाराची पावती. त्यांवर वडिलांचं नाव, वय आणि कधी कधी गावचा पत्ताही असतो.

प्रत्येक माणसाला वहीत एक क्रमांक द्या. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहा आणि तीनपैकी एक खूण करा: कागद, ऐकीव, अंदाज. ही खूण टाळली की वर्षभराने अंदाजच पुरावा वाटायला लागतो.

*सावधान:* दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती शाळेत प्रवेश देताना मास्तरांनी घातलेली असण्याची शक्यता फार मोठी. तिच्यातलं वर्षही एक-दोन वर्षं मागेपुढे धरा.

*सावधान:* पडताळणीच्या फाइलमधली वंशावळ एका कामापुरती, एका शाखेपुरती केलेली असते. मुली, निपुत्रिक भाऊ, दुसरं लग्न ही माणसं तिच्यात बरेचदा गळतात.

टप्पा २: म्हातारी माणसं, विशेषतः बायका

‘आपले पूर्वज कोण?’ असं विचारलं की कुलदैवत, देवक आणि कुठल्या तरी लढाईची गोष्ट ऐकायला मिळते. ती लिहून घ्या, पण पुरावा म्हणून धरू नका. एकच कुलदैवत शेकडो घराण्यांचं असतं. कामाचे प्रश्न वेगळे आहेत:

- आपण सुतक कुणाकुणाचं पाळतो? किती दिवसांचं?
- शिमग्याला पालखी आपल्याकडे आली की नंतर कुणाच्या घरी जाते?
- आजीचं माहेर कुठलं, तिच्या भावांची नावं काय, तिचं माहेरचं नाव काय होतं?
- पहिली बाळंतपणं कुठे झाली?
- आजोबा मुंबईत आले तेव्हा कुणाच्या खोलीवर उतरले?

सुतकाचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवतो. दोन घरांना आपलं नातं काय ते सांगता येत नसलं तरी एकमेकांचं सुतक ती पाळतात, म्हणजे ती एका भावकीतली आहेत ही आठवण रीतीने टिकवलेली असते. कागद हाती लागायच्या आधी यापेक्षा चांगला धागा मिळत नाही.

बाळंतपणाचा प्रश्नही तितकाच मोलाचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. म्हणून मुंबईत वाढलेल्या आजोबांची जन्मनोंद ना मुंबईत सापडते, ना वडिलांच्या गावी. ती त्यांच्या आजोळच्या गावात असते. वर्षानुवर्षं चुकीच्या तालुक्यात खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि उत्तर घरातल्या आत्याला ठाऊक असतं.

बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, आधी विचारून. आजीला एकटीला भेटा. पुरुष मंडळी बसलेली असली की ती ‘यांना विचार’ म्हणते आणि माहेरचा अर्धा वंश तिथेच बुडतो.

टप्पा ३: गाव पक्कं करा

मुंबईत ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला बहुतेक जण तालुका सांगतात. ‘चिपळूण’ हे उत्तर शोधासाठी निरुपयोगी आहे. गाव हवं, वाडी हवी, बुद्रुक की खुर्द ते हवं, आणि त्या काळात गाव कुठल्या तालुक्यात नि कुठल्या संस्थानात होतं तेही हवं.

हद्दी बदलल्या आहेत. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर २०१४ साली ठाण्यातून. रायगड म्हणजे आधीचा कुलाबा, सांगली म्हणजे आधीचा दक्षिण सातारा. सावंतवाडी, कोल्हापूर, जंजिरा, जव्हार ही संस्थानं होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे तिथले कागद उर्दूतही असतात. जुनं दप्तर नव्या जिल्ह्याकडे आलं की जुन्याकडेच राहिलं, हे प्रत्येक ठिकाणी विचारूनच कळतं.

गाव अजिबात माहीत नसेल तर मुंबईतल्या गावकरी मंडळांकडे जा. लालबाग, परळ, शिवडी भागात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या, काही आजही आहेत. तिथल्या वर्गणीच्या वह्यांत सभासदाचं नाव वाडीसकट सापडतं.

*तपासा:* गाव, वाडी, तालुका, जुना जिल्हा आणि तीन पिढ्यांची नावं वहीत आली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: मुंबईतली दप्तरं

महापालिकेत जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली त्या विभागात असते, राहत्या घराच्या नव्हे. लालबागच्या बाईचं बाळंतपण भायखळ्याच्या रुग्णालयात झालं असेल तर ई विभाग गाठायचा. मूल केईएममध्ये झालं असेल तर एफ दक्षिण. नाव आणि साधारण वर्ष घेऊन विभागाच्या आरोग्य खात्यात शोधासाठी अर्ज करा. जुन्या जन्मनोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतं, कारण बारसं नंतर होतं. तेव्हा बापाच्या नावाने शोधायला सांगा.

शाळेत दाखल्याची दुय्यम प्रत मागण्यापेक्षा जनरल रजिस्टरचा उतारा मागा. भावंडांच्या नोंदी एकाच रजिस्टरात मागेपुढे सापडतात. शाळा बंद झाली असेल तर तिचं रजिस्टर ज्या शाळेत गेलं तिचं नाव शिक्षण खात्याच्या विभाग कार्यालयात विचारा.

मुंबईतल्या ख्रिस्ती घरांना चर्चमधली बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं फार मागे नेतात. पाठारे प्रभू, सारस्वत, चित्पावन अशा काही समाजांत छापील कुलवृत्तांत आहेत. ते वापरा, पण त्यातली प्रत्येक पिढी कागदाशी पडताळूनच घ्या. घरात कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात मरण पावलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. युद्धात बोटीवर मरण पावलेल्या कोकणी माणसांसाठीही हाच मार्ग.

फोर्टातलं पुराभिलेखागार, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य सरकारचं दप्तर, या टप्प्यात घेऊ नका. तिथे मुख्यतः सरकारी खात्यांच्या फायली आहेत, कुटुंबांच्या याद्या नाहीत. इनाम, वतन, संस्थान, सरकारी नोकरी असा नेमका प्रश्न हाती आला की मग जा.

टप्पा ५: तालुक्याचं दप्तर

खरं काम इथे आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात हे मागा:

१. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू यात असतात. जमीन नसलेल्या घरांना हाच मुख्य आधार.
२. जुने सातबारे आणि त्यांवर वर्तुळात लिहिलेल्या क्रमांकांचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी.
३. नमुना ६ क, वारसांची नोंदवही.
४. कडई पत्रक, म्हणजे जमीन कुणाकडे होती याची जुनी नोंद, आणि कोकणातल्या खोती गावांसाठी तशीच नोंद असलेलं बोटखत.

काही जिल्ह्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. शिवाय २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तालुक्यांची दप्तरं चाळली गेली, तेव्हा स्कॅन झालेली पानं बऱ्याच जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर ठेवली. तुमच्या घराचा त्या विषयाशी संबंध नसला तरी तुमच्या गावाचं पान त्यात असू शकतं. प्रवासाआधी ते बघा.

फेरफार कसा वाचायचा ते एका नमुन्यावरून पाहू. समजा, १९३६ सालच्या नोंदीत असं लिहिलंय: ‘खातेदार धोंडू बिन गणू हे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे १) रामा २) सखाराम अ.पा.क. आई भागीरथी कोम धोंडू.’ ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणून गणू ही आणखी मागची पिढी मिळाली. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून सखाराम तेव्हा सज्ञान नव्हता आणि त्याचा जन्म साधारण १९१८ नंतरचा. भागीरथी १९३६ साली हयात होती. धोंडूचा मृत्यू १९३४ च्या आसपास, फेरफाराच्या वर्षी नव्हे. वारस लावायला माणसं उशिराच जात. आता कोतवाल बुकात १९३३ ते १९३५ ची मृत्यूपानं मागायची. दोन ओळींतून पाच माणसं आणि पुढचा अर्ज दोन्ही निघाले.

या नोंदीत मुली नाहीत. म्हणून धोंडूला मुलीच नव्हत्या असं समजू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुली वारस म्हणून सहसा लागतच नसत. पुढच्या काळातली हक्कसोडपत्रं शोधा. त्यांत आत्या आणि आतेआज्या सासरच्या नावागावासकट सही किंवा अंगठा करून हजर असतात. आयुष्यभर कुठल्याच कागदावर न आलेल्या बाईचं नाव हक्क सोडतानाच पहिल्यांदा लिहिलं जावं, हे दर वेळी मनाला लागतं. पण नाव तिथे असतं, ते नक्की घ्या.

पूर्वज कुळ असतील तर सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात खोताचं किंवा सावकाराचं नाव दिसेल. निराश होऊ नका, कुळाचा रकाना बघा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली झालेल्या फेरफारांत कुळांची नावं येतात. महार आणि रामोशी वतनदार घरांनी वतनाची नोंद आणि १९५८ च्या कनिष्ठ गाववतनं रद्द करणाऱ्या कायद्यानंतरचे फेरफार मागावेत. १९५६ नंतर काही घरांच्या नोंदीत जातीच्या जागी बौद्ध लिहिलं गेलं, तेव्हा दोन्ही प्रकारे शोधा.

अर्जात ‘आमच्या घराण्याचे सर्व रेकॉर्ड’ असं लिहिलंत तर अर्ज पडून राहील. गाव, नमुना क्रमांक आणि पाच-दहा वर्षांचा कालावधी लिहा, नक्कल मागा, पोच घ्या. उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे.

*सावधान:* नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल आहे. गणू, धोंडू, पुन्हा गणू, पुन्हा धोंडू. दोन गणू एकच समजले की दोन पिढ्या गायब होतात. मुलाच्या जन्मावेळी बापाचं वय पंधराच्या खाली किंवा सत्तरच्या वर निघालं तर मध्ये एक माणूस सुटलाय.

टप्पा ६: मोडी आणि सन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, म्हणून अनुभवी वाचकही नावात चुकतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. स्वतः शिकलात तर उत्तमच, निदान अंक आणि आपल्या घरातली नावं ओळखायला शिका.

पैसे देऊन वाचून घेणार असाल तर एक पथ्य कडक पाळा. तुम्हाला कुठलं नाव हवंय ते वाचकाला आधी सांगू नका. सांगितलं की अंधूक अक्षरात तेच नाव दिसू लागतं. पान द्या, सगळं वाचून मागा, शंकास्पद शब्दाखाली रेघ मारायला सांगा.

सनाचं गणित: शके सालात ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १८४२ चा माघ म्हणजे १९२१ चा फेब्रुवारी. फसली सन मृगापासून सुरू होतो. त्यात ५९० मिळवा, जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१. वहीत मूळ सन जसाच्या तसा लिहा आणि शेजारी इसवी सन.

टप्पा ७: नामावळी आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरला तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. त्या गाव आणि आडनावानुसार लावलेल्या असतात, म्हणून इथेही टप्पा ३ झालेला हवा. रामकुंडावर जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे पुरोहित कोण ते तिथली मंडळी दाखवतात. हरिद्वारच्या वह्यांचा बराचसा भाग फॅमिलीसर्च या संस्थेने चित्रित केलाय आणि तो संगणकावर पाहता येतो.

नामावळीत कोण कोण बरोबर आलं होतं तेही बघा. क्रियाकर्माला भाऊ, चुलते, पुतणे एकत्र जात. एका पानावर अख्खी भावकी मिळते, कधी पूर्वजाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. पानाचा फोटो घ्यायला परवानगी मागा, आपली आजची नोंद करा आणि दक्षिणा द्या.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या गावांत हेळवी, म्हणजे घरोघरच्या वंशावळी सांगणारी माणसं, येतात. गावात त्यांचा फेरा कधी असतो ते विचारून ठेवा. त्यांचं ऐकून जे लिहाल त्यापुढे ‘ऐकीव’ची खूण करा.

टप्पा ८: डीएनए, एका प्रश्नासाठी

आता किट. पण आधी वहीत प्रश्न लिहा: ‘देवळाजवळचं घर आणि आमचं घर एकाच पणजोबांचं आहे का?’ असा. ‘आम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न या चाचणीसाठी नाही. टक्केवारीचा नकाशा कंपनीने जमवलेल्या नमुन्यांवर अवलंबून असतो आणि नमुने वाढले की बदलतो. डीएनएवरून जात ठरत नाही. जात पडताळणीत किंवा वारसाहक्काच्या दाव्यात घरी केलेल्या चाचणीच्या निकालावर विसंबू नका. कोर्टाला लागणारी चाचणी वेगळी असते, तिच्यात नमुना कुणाचा आणि कुणासमोर घेतला याची नोंद लागते.

चाचणी तीन प्रकारची. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्याची चाचणी फक्त पुरुषांची होते. घराण्याचं वाय हवं आणि तुम्ही बाई असाल तर भाऊ, वडील, काका किंवा चुलतभाऊ हवा. आतेभाऊ चालत नाही, त्याचं वाय त्याच्या वडिलांचं. आजोळचं वाय मामाकडे मिळेल. मायटोकाँड्रियाची चाचणी आईच्या आईची सरळ रेघ दाखवते, ती मावशीही देऊ शकते. बहुतेक किटमध्ये असते ती तिसरी, ऑटोसोमल चाचणी, सगळ्या बाजूंची, पण चार-पाच पिढ्यांपलीकडे विरळ होत जाणारी. म्हणून घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची चाचणी पहिली करा. आजीची झाली तर नातवाची घाई नाही.

लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू, पान बंद. आजोबांना हे दोनदा सांगा.

संमती मात्र खरी घ्या. निकालात दत्तक, लपवलेलं पहिलं लग्न, वेगळा बाप असं काहीही निघू शकतं, हे नमुना देणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा आणि ‘तसं निघालं तर तुम्हाला कळवायचं का?’ तेही विचारून लिहून ठेवा. कंपनीच्या अटी वाचा. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निकाल आला की मूळ डेटाची फाइल उतरवून घ्या आणि खातं कसं पुसायचं ते बघून ठेवा.

टप्पा ९: निकाल वाचताना

दोन माणसांतला समान डीएनए सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. सख्खी भावंडं सरासरी २६०० च्या आसपास. चुलत, आते, मामे, मावस भावंडं ८५० च्या आसपास. त्यांची मुलं एकमेकांशी सव्वादोनशेच्या आसपास. त्याखालची पिढी सत्तरच्या आसपास. या सरासऱ्या आहेत, प्रत्यक्षात फरक मोठा पडतो. या सत्तरवाल्या पिढीत दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही. म्हणून जुळणी नाही म्हणजे नातं नाही असं होत नाही.

आपल्याकडे हे आकडे फुगतात. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीत आणि जवळच्याच गावांत झाली, काही समाजांत मामाची मुलगी करायची चाल. त्यामुळे अनेक बाजूंनी थोडं थोडं जुळून बेरीज मोठी दिसते आणि संगणक नातं असतं त्यापेक्षा जवळचं सांगतो. एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा बघा. बेरीज मोठी आणि तुकडे सगळे बारके, तर नातं जुनं आणि गुंतागुंतीचं.

*सावधान:* साटंलोटं झालेल्या घरांत, म्हणजे भाऊ-बहिणीची लग्नं दुसऱ्या भाऊ-बहिणीशी, त्यांच्या मुलांमधलं साम्य सावत्र भावंडांइतकं, साधारण चतुर्थांश येतं. पडद्यावर ‘सावत्र भाऊ’ दिसला म्हणून कुणाच्या आईवर संशय घेऊ नका. आधी वहीत लग्नं तपासा.

मराठी माणसांचे नमुने या संग्रहांत अजून कमी आहेत आणि बरेचसे परदेशी स्थायिक झालेल्यांचे. अनोळखी जुळणीला लिहिताना इंग्रजीत दोन ओळी पुरेत: आडनाव, गाव-वाडी, आजीचं माहेर. पहिल्याच पत्रात जमिनीचा विषय काढू नका. गावी वाटणीचा वाद चालू असेल तर तुमच्या शोधावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, आणि कागद दाखवायला तयार असलेलं घरही दार लावून घेईल.

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वंशावळ टाकण्याआधी हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आयांची माहेरची आडनावं काढून टाका, बँकेच्या सुरक्षा प्रश्नांत नेमकं हेच विचारतात. खाली तारीख आणि ‘दुरुस्त्या कळवा’ असं लिहा. आलेली प्रत्येक दुरुस्ती वहीत खुणेसकट जाऊ दे, सांगणाऱ्याच्या नावासह.